गादी काढून टाक

३ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

तुझ्या आईने कळवलं की तू पुन्हा मोकळा झाला आहेस. तू छापखाना सोडलास की छापखान्याने तुला सोडलं, ते मी विचारत नाही. पायाला भिंगरी म्हणून तर तुझं हे नाव पडलं. आता तीन महिने ती भिंगरी खुंटीला टांग आणि माझं घर सांभाळ. तुझ्या ताईचं बाळ जरा मोठं होईपर्यंत मी इकडे लेकीच्या घरीच आहे. किल्ली शेजारी ठेवली आहे. आत जाताना पाय पूस.

घरात काही करायचं नाही. काम आहे ते गाडीचं. बॉनेट उघडलंस की झाकणाच्या आतल्या अंगाला काळी गादी दिसेल. इंजिनाची धग आणि आवाज अडवायला ती असते. तिचं अस्तर सुटलंय, आतल्या फोमचा भुगा झालाय आणि मधोमध ती झोळीसारखी लोंबते. मागच्या तपासणीला साहेबांनी बोट लावून दाखवलं. म्हणाले, "बाई, ही इंजिनावर टेकली तर पेट घेईल. काढा नाहीतर बदला. पुढच्या वर्षी अशीच आणलीत तर गाडी पास करणार नाही." ते पुढचं वर्ष म्हणजे येत्या वीस मार्चला.

तेव्हा गादी काढून टाक, बॉनेट पुसून घे आणि वीस तारखेच्या आत गाडी पास करून आण. नाही झाली तर ताई आणि जावई ती विकणार आहेत. गिऱ्हाईकसुद्धा बघून ठेवलंय. मी कायमचं इथेच राहावं असं त्यांना वाटतं. गाडी नसली तर मी लोकांच्या खिडक्यांची मापं घ्यायला जाणार कशी, आणि पडद्यांचे तागे काय डोक्यावर नेणार? गाडी गेली की माझं काम गेलं. काम गेलं की मी ताईच्या घरातली एक खुर्ची.

फोन करू नकोस. फोनवर तू भरभर बोलतोस आणि अर्धं गिळतोस. पत्र लिही. लिहिलेलं राहतं.

आत्या

ता. क. आत बसल्यावर इंजिनाचा आवाज कितपत येतो, तेही कळव.


११ फेब्रुवारी

आत्या,

वाकून नमस्कार केला असता, पण कालचा अख्खा दिवस तुझ्या बॉनेटखाली वाकूनच होतो. तोच पोचला असं धर.

घर छान आहे. पाय पुसले. दोनदा पुसले, कारण पहिल्यांदा पुसून आत आलो आणि मग आठवलं की पिशवी बाहेरच राहिली. काम लगेच सुरू करणार होतो, पण सुतळी शोधायला तुझा खण उघडला आणि तिथेच दुपार झाली. त्यात एक बटणांचा डबा आहे. त्याच्या पोटात दुसरा डबा. त्यावर तुझ्या अक्षरात चिठ्ठी आहे: "तुटलेली, पण अर्धी चांगली." आत्या, अर्ध्या बटणाला भोकं दोन असतात हे मला मान्य आहे, पण अर्धा सदरा कुणाकडे असतो? मी तिथेच बसून हसलो. मग सगळी बटणं रंगाप्रमाणे लावली. ते काम तू सांगितलं नव्हतंस, हे मला माहीत आहे.

आता गाडी. बॉनेट उघडलं तर गादीने आपणहून माझ्या डोक्यावर हात ठेवला. केसांत काळा भुगा. हात लावला की शिळ्या पावासारखी चुरते. प्लॅस्टिकच्या चौदा क्लिपांनी ती धरली आहे, म्हणजे चौदा होत्या. तीन आधीच परागंदा आहेत. कोपऱ्यावरच्या मिस्त्रीला आणून दाखवली. त्याने बॉनेट बघितलं, मला बघितलं आणि विचारलं, "आधी कधी स्क्रू तरी फिरवलाय का?" मी म्हटलं, "छापखान्यात होतो." तो म्हणाला, "मग वाचता तरी येत असेल," आणि क्लिपा उपटायची चपटी पट्टी उसनी दिली.

एक मात्र आहे. तू लिहितेस, "काढून टाक." मी तीनदा वाचलं. टाक? तू? अर्धी बटणं जपणारी बाई? लहानपणी माझ्या हातून काहीही तुटलं की आई म्हणायची, "टाक ते," आणि तू दारातून ओरडायचीस, "टाकू नकोस रे, काढून ठेव!" म्हणून मी हे पत्र ओळींच्या मधून वाचलं. तुझ्या मनात असं आहे की भिंगरीला निम्मंच काम सांगावं, म्हणजे निदान निम्म्याचं निम्मं तरी होईल. बरोबर ना? तेव्हा एक गंमत चालली आहे. सांगणार नाही.

आवाज म्हणशील तर ठीक आहे. गाडीसारखा आहे.

तुझा
भिंगरी


१९ फेब्रुवारी

चि. भिंगरीस,

गंमत नको. माझ्या ओळींच्या मधे मी काही लिहीत नाही, तिथे कोरा कागद असतो. टाक म्हणजे टाक. आहे ती गादी काढायची आणि तिच्या जागी काहीही लावायचं नाही. उघडा पत्रा राहू दे.

"गाडीसारखा आवाज" म्हणजे काय? नीट लिही. पहिल्यावरून दुसऱ्या गिअरला जाताना आवाज चढतो, तो आत स्पष्ट कळतो का? गादी निघाल्यावर जास्त कळतो का?

इकडे सगळं ठीक. बाळ गुणी आहे, फार रडत नाही. ताई उगीच धावते.

बटणांचे रंग परत मिसळ आणि होती तशी ठेव. मला ती आकाराप्रमाणे लागतात.

आत्या


६ मार्च

आत्या,

तुझं पत्र आलं तेव्हा बाण सुटलेला होता. आता रागवायचंच असेल तर सगळं वाचून मग एकदम रागव.

आधी मोठी बातमी. गाडी पास झाली. परवा, चार तारखेला. तेच साहेब होते. बॉनेट उघडून त्यांनी गादीला बोट लावलं, आणि मग सवय म्हणून की काय, पूर्ण हात फिरवला. म्हणाले, "कुणी केलं?" मी म्हटलं, "मी." माझ्या आयुष्यात या प्रश्नाला हे उत्तर मी नेहमी मान खाली घालून दिलंय. पहिल्यांदा मान वर होती.

आता सुरुवातीपासून सांगतो. क्लिपा काढताना सहा तुटल्या. जुनी गादी खाली ओढली तर तिच्या पोटातून काच धुवायच्या पाण्याची नळी जात होती, हे मला कुणी सांगितलं नव्हतं. नळी सुटली आणि काचेचं पाणी माझ्या तोंडावर. मिस्त्री रस्त्याच्या पलीकडून म्हणाला, "बरं झालं, आठवडाभर तोंड धुतलेलं दिसत नव्हतं."

गादी निघाली, पण अर्धा फोम पत्र्यालाच चिकटून बसला, घरजावयासारखा. लोखंडी पत्तीने खरवडणार होतो, तर मिस्त्रीने हात धरला. "ओरखडा आला की गंज आलाच." मग प्लॅस्टिकची पट्टी, रॉकेलचा बोळा आणि तोंडाला फडकं, कारण तो भुगा घशात जातो. चार दिवस लागले. खरं तर तीन. मधला एक दिवस मी पाट्या रंगवणाऱ्या एका माणसाकडे बसलो होतो. तो अक्षरं उलटीकडून लिहितो, शेवटच्या अक्षरापासून पहिल्याकडे, म्हणजे हात ओल्या रंगावर पडत नाही. डावखुरा आहे. हे बघण्यात एक दिवस गेला तर काय बिघडलं? पण मी परत आलो, आत्या. ही गोष्ट लक्षात घे. पाट्या सोडून खरवडायला परत आलो.

नवी गादी म्हणजे दाबलेल्या लोकरीसारखं जाड कापड, एका बाजूला चंदेरी वर्ख लावलेला. सीट शिवणारा मला सोफ्याचा फोम देत होता, पण तो गरम इंजिनावर पेटतो. हे खास धग सोसणारं आहे. जुन्या गादीवर वर्तमानपत्र ठेवून नमुना कापला, नमुना नव्या कापडावर ठेवला, खडूने आखलं, कापलं. लावायला गेलो तर नळीची खाच डावीकडे हवी ती उजवीकडे! चंदेरी बाजू इंजिनाकडे यायला हवी आणि मी आखलं होतं पाठीवर. तुझा भाचा असून उलट-सुलट चुकलो. तू असतीस तर कान पिळला असतास. दुसरं कापड आणलं. या वेळी नमुन्यावर मोठ्या अक्षरात लिहिलं: "ही बाजू आत. आत म्हणजे इंजिनाकडे. गाढवा."

कडेने पट्टी शिवली. तुझ्या मशीनवर नाही, हाताने. टाके वाकडे आहेत, पण पक्के आहेत.

आणि आता ऐक. पूर्वी बॉनेट मिटलं की "खण्ण" व्हायचं. आता "थप्". जाड पुस्तक मिटल्यासारखं. गाडी अशी झाली आहे की मांजर. आली कधी, गेली कधी, पत्ता लागत नाही.

तुला गाडी परत मिळाली, आणि मला एक पुरं झालेलं काम. तुझ्या दारात मी दोन दिवस नुसता बॉनेट उघड-मिट करत होतो.

तुझा, वाकड्या टाक्यांचा
भिंगरी


२८ मार्च

चि. भिंगरीस,

तुझं पत्र येऊन अडीच आठवडे झाले. चार वेळा कागद घेतला आणि चार वेळा ठेवून दिला.

तू चांगलं काम केलंस. तुझ्या वाकड्या टाक्यांना मी नावं ठेवणार नाही. पण मला मांजर नको होतं. मला गाडीचा आवाज हवा होता. म्हणून "टाक" लिहिलं. आयुष्यात एकदा मी टाक म्हटलं, तर ते कुणाला खरं वाटेना. यात चूक तुझी नाही. माझी कीर्तीच तशी.

आता जे लिहिते ते तुझ्यापुरतं ठेव. मला कमी ऐकू येतं. दोन वर्षं झाली. तू फोनवर भरभर बोलत नाहीस. तू बोलतोस सरळच. माझ्यापर्यंत पोचतं ते चाळणीतून गाळलेलं.

आणि मी गाडी कानाने चालवते. तुझ्या काकांनी शिकवताना पहिल्या दिवशी सांगितलं होतं, "काट्याकडे बघायचं नाही, रस्त्याकडे बघायचं. दुसरा कधी टाकायचा ते गाडी स्वतः सांगते." ती सांगायची. एक सूर चढायचा, मी गिअरचा दांडा ओढायची. मग तो सूर बारीक होत गेला. मागच्या वर्षी ती गादी एका बाजूने फाटली, आणि मला वाटलं की आवाज जरा मोठा आला. म्हटलं, सगळीच निघाली तर आणखी मोठा येईल. इतका साधा हिशेब होता.

दुसरं. मी तुला लिहिलं होतं ना, बाळ फार रडत नाही? ते रडतं रे. मागच्या सोमवारी ताई बाहेर गेली होती. बाळ आतल्या खोलीत निजलेलं. मी बाहेर उशीची शिवण उसवत बसले होते. ताई आली ती पायातलं न काढता आत धावली. बाळ रडून रडून लालबुंद झालं होतं, श्वास अडकत होता. मी वीस पावलांवर बसले होते. मला काही ऐकू आलं नाही. बाळाला काही झालं नाही, पण मी दिवसभर सुई हातात धरली नाही. ताईला वाटलं मला डुलकी लागली. मी तसंच वाटू दिलं.

हे तिला कळलं तर गाडी दुसऱ्या दिवशी जाईल. तिला सांगू नकोस. आणि गादी काढ. आता तरी काढ.

आत्या


९ एप्रिल

आत्या,

काढली. तुझं पत्र वाचलं आणि अर्ध्या तासात काढली. आता क्लिपांवर माझा हात बसलाय, एकही तुटली नाही. गादी सध्या बैठकीच्या खोलीत भिंतीला टेकून उभी आहे, बोलावलेल्या पण कुणी न विचारलेल्या पाहुण्यासारखी.

पुढचं लिहायला जड जातंय, म्हणून आधी काय केलं ते सांगतो.

गादी काढून गाडी पाण्याच्या टाकीपर्यंत नेली आणि आणली. मग गादी लावून तोच रस्ता. काच बंद, तोच वेग. फरक कळेना. वाटलं, माझंच लक्ष नसेल. ते नसतंच. म्हणून मिस्त्रीला शेजारी बसवलं, डोळे बांधले. त्याने बरीच कुरकुर केली, "गिऱ्हाइकाने बघितलं तर काय म्हणेल?" पाच फेऱ्या मारल्या. कधी गादी लावून, कधी काढून, त्याला न सांगता. पाचपैकी दोनदा त्याने बरोबर ओळखलं. तेही अंदाजाने, असं तोच म्हणाला.

मग डोळ्यांवरचं फडकं सोडत म्हणाला, "अरे, ही गादी आत बसणाऱ्यांसाठी नसतेच फारशी. बाहेरच्यांना आवाज कमी जावा आणि वरचा रंग धगीने करपू नये म्हणून ती. आत आवाज येतो तो पायाकडच्या पत्र्यातून." मी विचारलं, "पण मला तर मांजर झाल्यासारखी वाटली." तो म्हणाला, "तू ती बाहेरून ऐकलीस. शिवाय स्वतः केलेलं काम होतं. त्याला कौतुकाचा कान असतो."

म्हणजे आत्या, गादी असली काय नि नसली काय, तुला आवाज तेवढाच येणार. मागच्या वर्षी ती फाटली तेव्हाही आवाज वाढला नव्हता. तुला तसा वाटला. गादीने काही नेलेलं नाही.

हे लिहून मी बाहेर जाऊन आलो. दोन तास चाललो. परत आलो.

आता दुसरी गोष्ट. मिस्त्री पत्रा घासताना कानांवर जाड टोप्या घालतो. त्या मागून घेतल्या, आत कापूस कोंबला आणि त्याच्या गॅरेजमागच्या रिकाम्या मैदानात गाडी घेऊन गेलो. काहीच ऐकू येत नव्हतं. पहिल्यांदा भीती वाटली. गाडी सुरू आहे की बंद, तेच कळेना. मग हात दांड्यावर ठेवला. आत्या, दांडा बोलतो! सुरुवातीला तो तळहातात खडखडतो, मग वेग वाढला की मुंग्या येतात, अशा बारीक. त्या मुंग्या मनगटापर्यंत चढल्या की दुसरा टाकायचा. दहा फेऱ्यांत मला जमलं. तुझा हात तर माझ्यापेक्षा शहाणा आहे. तू डोळे मिटून कापडाचं सूत सांगतेस.

पण हेही लिहायला हवं. मी मैदानात गाडी मागे घेत होतो आणि मिस्त्री मागून ओरडत होता. मला काही ऐकू आलं नाही. त्याची बादली चपटी झाली. तो बाजूला झाला म्हणून बादलीच. मागून कोण आलं, ते दांडा सांगत नाही.

तेव्हा कान दाखवायलाच हवेत. मी ताईला काही सांगणार नाही, शब्द पाळेन. पण तू सांग. तू तिला सांगून, कान दाखवून आल्याशिवाय गाडीची किल्ली मी तुझ्या हातात देणार नाही. हवं तर घरातून काढ मला. कुठूनही निघून जायची सवय आहेच.

तुझा
भिंगरी


१६ एप्रिल

किल्ली माझी आहे. गाडी माझी आहे. ज्याचं नाक मी पदराने पुसलं, त्याने मला अटी घालायच्या? तुझी सगळी पुरी झालेली कामं मी एका हाताच्या एका बोटावर मोजू शकते. अंदाजाने सांगणारा तो मिस्त्री कोण आणि त्याच्या जोरावर मला शिकवणारा तू कोण?

१९ एप्रिल

वरचं पाकिटात घातलं होतं, पण पाकीट चिकटवलं नाही. आता फाडून टाकणार होते. राहू दे, तुलाही कळू दे.

काल दुपारी ताईला सांगितलं. भांडी विसळत होती. मी म्हटलं, "ताई, मला दोन वर्षं झाली, नीट ऐकू येत नाही. त्या दिवशी मला डुलकी लागली नव्हती." तिने नळ बंद केला, हात पुसले, माझ्या समोर येऊन बसली आणि म्हणाली, "आई, तुला दोन वर्षं वाटतंय? आम्ही पाच वर्षं ओरडून बोलतोय."

मी म्हटलं, "मग बोलली का नाहीस?"

"तुला वाईट वाटेल म्हणून. आणि तू गाडी चालवतेस याची रात्रंदिवस भीती. म्हणून म्हटलं, गादीचं निमित्त आहे, गाडीच विकून टाकू. तुला कान म्हणायला नको, गाडी म्हणू."

बघ आता. मी तिच्यापासून लपवत होते, ती माझ्यापासून. आणि मधे बिचारी गादी! जावई बाळाला घेऊन दारात उभे होते. ते म्हणाले, "आई, मी गेले तीन महिने तुम्हाला मीठ द्या म्हणतोय, तुम्ही मला पाणी देताय. मी पितो." मग आम्ही तिघं हसलो. मी जरा रडलेही, पण ते लिहिण्यासारखं नाही.

कानांच्या डॉक्टरांनी आज तपासलं. यंत्र बसेल म्हणाले. गाडीचं विचारलं, तर म्हणाले यंत्र लावून, सराव करून आणि आरसे नीट ठेवून चालवायला हरकत नाही. ताईने ते त्यांच्याकडून लिहून घेतलं, माझ्या शब्दावर नाही. मुलगी माझीच आहे.

नऊ मेला येते. बसथांब्यावर गाडी घेऊन ये. घरापर्यंत तू चालव. दांड्यावर हात माझा राहील. बघू तो काय बोलतो.

आणि गादी परत बसव. रंग करपायला नको. शिवाय मेहनतीने केलेली वस्तू आहे.

आत्या


२७ जून

चि. भिंगरीस,

तुझा नवा पत्ता तुझ्या आईकडून मिळाला. बोटींच्या सीटा शिवायचं काम घेतलंस म्हणे. बोट म्हणजे चालतं घर, तुला शोभतं. दोन महिने तरी टिक. कडेची पट्टी हाताने शिवताना दोरा मेणावरून ओढून घे, टाका सरळ बसतो. नावं ठेवणार नाही म्हटलं होतं, पण हे नाव नाही, ही माहिती आहे.

तू गेल्यापासूनचं सांगते. मैदानातला सराव मी सोडला नाही. रोज सकाळी वीस फेऱ्या, मिस्त्री दारात चहा घेऊन उभा. नवी बादली तो आता आत ठेवतो. तुझं खरं आहे, दांडा बोलतो. पहिल्या आठवड्यात तू शेजारी बसून "आत्ता!" म्हणायचास आणि मी तोवर टाकलेला असायचा, आठवतं? आता तर मुंग्या मनगटापर्यंत चढूही देत नाही.

कानातल्या यंत्राशी मात्र भांडण चाललंय. कागद चुरगाळला की घर कोसळल्यासारखं होतं. माझं शिवणयंत्र इतका आरडाओरडा करतं हे मला चाळीस वर्षांत माहीत नव्हतं. आणि तुझी ती गाडी! मांजर म्हणे! भांड्यांचं दुकान आहे नुसतं. मागच्या दारात काहीतरी खुळखुळतं, सीटखाली काहीतरी कुईकुई करतं. मिस्त्रीला म्हटलं, "हे सगळं कधीपासून?" तो म्हणाला, "बाई, पहिल्यापासून."

बाळ आठवड्यापूर्वी आलं होतं, आईबापांसकट. रात्रभर रडलं. ताई दमून गेली. मी तिला म्हटलं, "झोप तू, मी घेते." सकाळपर्यंत घेतलं. काय आवाज आहे पोराचा!

आणि काल एकटी गेले. ताईला आधी कळवलं, ती "पोचल्यावर कळव" एवढंच म्हणाली. तीन ताग्यांचा माल मागे, मापाची फीत गळ्यात. नदीपलीकडच्या दवाखान्याच्या अकरा खिडक्या होत्या. जाताना रस्ता रिकामा मिळाला. येताना पुलाच्या तोंडाशी गर्दी. मी थांबले होते, पुढचं वाहन हललं ते माझ्या लक्षात आलं नाही, आरशात बघत होते. तेवढ्यात मागून कुणीतरी जोरात हॉर्न वाजवला.

मला ऐकू आला, भिंगरी. मागून, उजव्या बाजूने, लांबलचक. मी इतकी खूश झाले की काच खाली केली, त्याला हात करून हसले, म्हटलं, "या, या, तुम्ही आधी या." तो माझ्या शेजारून शिव्या देत पुढे गेला. त्याही ऐकू आल्या. पहिली समजली. दुसरी नवीन निघालेली दिसते, तिचा अर्थ कळव.

आत्या